युनिक्ससारख्या सिस्टिमवर मराठी मजकूर: कोणता वर्ड प्रोसेसर, कशासाठी

लिनक्स टाकून झाल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "इथे वर्ड नाही, मग लिहायचे कशात?" उत्तरादाखल सहा-सात नावे मिळतात. ती सगळी बसवून पाहिली की मेनू थोडेफार सारखे दिसतात आणि निवड शेवटी रंगरूपावर होते. महिन्याभराने प्रकाशकाकडून फाइल परत येते, मथळे बारीक झालेले असतात, पाने सरकलेली असतात आणि दोष लिनक्सवर जातो. निवड करताना दोन गोष्टी आधी पाहायला हव्यात: फाइल कोणत्या स्वरूपात दुसऱ्याच्या हातात जाणार आहे आणि देवनागरीची माहिती तो प्रोग्रॅम त्या फाइलमध्ये कशी लिहितो. मेनू, रंग, आयकॉन यांची सवय आठवड्यात होते.

येथे युनिक्ससारख्या सिस्टिम म्हणजे लिनक्सची सगळी वितरणे आणि फ्रीबीएसडीसारखी मंडळी. मॅकओएसही याच घराण्यातली आहे. तिच्यावरचा पेजेस हा प्रोग्रॅम स्वतःच्या स्वरूपात फाइल ठेवतो आणि ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसचे मूळ स्वरूप, उघडत नाही. गंमत अशी की मॅकबरोबर फुकट येणारा साधा टेक्स्टएडिट मात्र ओडीटी वाचतो आणि लिहितोही.

फाइलच्या आत काय असते

ओडीटी आणि वर्डचे डॉकएक्स ही दोन्ही स्वरूपे म्हणजे झिप केलेल्या पुड्या आहेत. ओडीटी फाइलच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल दिसेल, तिच्यात मजकूर असतो. स्टाइल्स नावाच्या फाइलमध्ये मांडणी असते आणि चित्रांचा फोल्डर वेगळा असतो. डॉकएक्समध्ये मजकूर वर्ड नावाच्या फोल्डरातल्या डॉक्युमेंट या एक्सएमएल फाइलमध्ये सापडतो. हे माहीत असले की बिघडलेल्या फाइलमधूनही मजकूर वाचवता येतो. प्रोग्रॅम ती उघडत नसेल तरी झिप बऱ्याचदा उघडते आणि एक्सएमएलमधली वाक्ये टेक्स्ट एडिटरमध्ये जशीच्या तशी मिळतात.

ओडीटी ज्यात येते ते ओडीएफ हे ओॲसिस संस्थेचे प्रमाण २००५ मध्ये आले आणि २००६ मध्ये आयएसओने त्याला मान्यता दिली. डॉकएक्सचे प्रमाण एक्मा संस्थेने २००६ च्या शेवटी काढले आणि आयएसओने २००८ मध्ये स्वीकारले. दोन्ही स्वरूपे उघड आहेत, पण कागदाची कल्पना दोन्हींत वेगळी आहे. डॉकएक्समध्ये दस्तऐवजाचे सेक्शन पडतात आणि समास, हेडर, पान क्रमांक सेक्शनला चिकटलेले असतात. ओडीटीमध्ये हीच माहिती पानाच्या स्टाइलमध्ये असते. एका कल्पनेतून दुसरीत जाताना भाषांतर करावे लागते आणि प्रत्येक फेरीत थोडे काहीतरी सांडते. बहुतेक वेळा सांडतात त्या तरंगत्या चौकटी, बहुस्तरीय क्रमांकन, टॅबची ठिकाणे आणि तक्त्यातले नोंदवलेले बदल. साधा परिच्छेद, मथळा, तळटीप, एकसलग तक्ता हे सगळे सुखरूप पोचते.

लिबरऑफिस राइटर

याची मुळे जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ते विकत घेतले आणि पुढच्या वर्षी ओपनऑफिस म्हणून त्याचा सोर्स खुला केला. २०१० मध्ये त्याची शाखा निघाली, ती लिबरऑफिस. जुने ओपनऑफिस अपाचेकडे आहे, त्याची ४.१ ही मालिका २०१४ पासून चालू आहे आणि ते डॉकएक्स उघडते पण त्या स्वरूपात साठवत नाही. नव्याने बसवायचे असेल तर लिबरऑफिसच घ्या. ओपनऑफिस बसवण्याचे आज कोणतेही कारण उरलेले नाही.

राइटरची खरी ताकद स्टाइलमध्ये आहे. एफ११ दाबले की बाजूला स्टाइलची यादी उघडते. त्यात परिच्छेद, अक्षर, चौकट, पान, यादी असे वेगळे गट असतात. दोनशे पानांच्या प्रबंधात मथळ्याचा आकार बदलायचा झाला तर एका स्टाइलमध्ये बदल केला की काम संपते, आणि अनुक्रमणिकाही त्याच मथळ्यांवरून तयार होते.

पान क्रमांक मुखपृष्ठानंतर १ पासून सुरू करायचा, यावर अनेकजण तासभर घालवतात, कारण ते वर्डमधला सेक्शन ब्रेक शोधत असतात. राइटरमध्ये इन्सर्ट, मोअर ब्रेक्स, मॅन्युअल ब्रेक असे जा. पेज ब्रेक निवडा, खाली नव्या पानाची स्टाइल निवडा आणि चेंज पेज नंबरवर टिक करून १ लिहा. स्टाइल निवडल्याशिवाय क्रमांक बदलण्याची टिक चालू होत नाही, आणि इथेच लोक अडकतात. वर्डमधून आलेली फाइल उघडली की पानांच्या स्टाइलच्या यादीत कन्व्हर्टेड१, कन्व्हर्टेड२ अशी नावे दिसतात. मूळच्या प्रत्येक सेक्शनचे हे रूपांतर असते. ती पुसू नका, पुसली की हेडर आणि समास बिघडतात.

राइटर फाइल उघडी असताना त्याच फोल्डरात एक लपलेली लॉक फाइल ठेवतो. मशीन मध्येच बंद पडले तर ती तशीच राहते आणि पुढच्या वेळी "दस्तऐवज दुसऱ्याने उघडला आहे" असा निरोप येतो. सामाईक फोल्डरवर काम करणाऱ्या कार्यालयांत हे नेहमी घडते. ती फाइल खरोखर कोणी उघडलेली नाही याची खात्री करा, फोल्डरात लपलेल्या फाइली दाखवा आणि ठिपक्याने सुरू होणारी, नावात लॉक असलेली फाइल काढून टाका.

देवनागरीचा आकार वेगळ्या खणात असतो

मराठी लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यावी अशी ही गोष्ट आहे आणि ती फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. राइटर आणि डॉकएक्स, दोघेही लिप्यांचे गट पाडतात: रोमनसारख्या पाश्चात्त्य लिप्या, चिनी-जपानीसारख्या आशियाई लिप्या आणि देवनागरी, अरबी वगैरे गुंतागुंतीच्या लिप्या. प्रत्येक गटासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि भाषा स्वतंत्रपणे साठवली जाते. म्हणजे एकाच परिच्छेदाला "रोमन १२, देवनागरी १४" अशी दोन मापे असू शकतात.

आता डॉकएक्समध्ये जवळून पाहू. अक्षराच्या आकाराचा एक टॅग असतो आणि गुंतागुंतीच्या लिपीच्या आकाराचा दुसरा. ठळक करण्याचेही असेच दोन टॅग असतात. एखाद्या वेबसाइटने किंवा अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने डॉकएक्स तयार करताना फक्त पहिला टॅग लिहिला तर इंग्रजी शब्द २० चे आणि ठळक दिसतात, मराठी मथळा मात्र मूळच्या आकारात आणि बारीकच राहतो. फाइल खराब नसते, एक खण रिकामा राहिलेला असतो.

दुरुस्ती अशी. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात जा. आवृत्तीनुसार त्याचे नाव लँग्वेज सेटिंग्ज किंवा लँग्वेजेस अँड लोकेल्स असे असते. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि त्याची भाषा मराठी ठेवा. मग स्टाइलवर उजवे क्लिक करून एडिट निवडा आणि फॉन्टच्या टॅबमध्ये गुंतागुंतीच्या लिपीसाठीचा वेगळा भाग शोधा. त्यात फॉन्ट, आकार आणि ठळकपणा भरा. वरच्या पट्टीतून आकार बदलला तर निवडलेल्या मजकुरात जी लिपी असेल तिलाच तो लागतो. म्हणून रिकाम्या ओळीवर आकार बदलून मग मराठी लिहायला घेतले की "आकार बदलतच नाही" असे वाटते.

भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक उपयोग आहे. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे वेगळी ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी असेल तरच ती पुढे येतात. भाषा हिंदी राहिली तर अक्षरे हिंदी वळणाची दिसतात आणि वाचकाला काय खटकते ते नेमके सांगता येत नाही.

ओळींमधले अंतर हा दुसरा नेहमीचा त्रास. देवनागरी फॉन्टमध्ये वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-जोडाक्षरे यांच्यासाठी भरपूर उंची राखलेली असते. रोमन शब्द आला की त्याचा फॉन्ट वेगळा, उंची वेगळी. अंतर "सिंगल" ठेवले तर ओळी एकसारख्या बसत नाहीत. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये अंतर फिक्स्ड करा. १२ पॉइंटच्या मजकुराला १८ ते २० पॉइंट पुरतात. त्याहून कमी केले तर आधी "र्मी", "ट्ठू" अशा अक्षरांची टोके कापली जातात, म्हणून तपासणीसाठी असेच शब्द एका ओळीखाली एक लिहून पाहावेत.

ओन्लीऑफिस

ज्यांचा सगळा व्यवहार वर्ड वापरणाऱ्यांशी आहे त्यांनी हा जरूर पाहावा. याचे स्वतःचे स्वरूप डॉकएक्स हेच आहे. त्यामुळे सेक्शनचे पानाच्या स्टाइलमध्ये भाषांतर होत नाही आणि दोन-चार फेऱ्या झाल्या तरी तक्ते व टिप्पण्या जागेवर राहतात. परवाना एजीपीएल, म्हणजे सोर्स खुला. उलट ओडीटी उघडले की तो आधी आपल्या पद्धतीत रूपांतर करतो, म्हणून ओडीटीवर रोज काम करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

देवनागरीसाठी आवृत्ती तपासा. जोडाक्षरे जुळवणारा लिगेचरचा आधार ७.२ या आवृत्तीत, २०२२ मध्ये आला. एखाद्या जुन्या वितरणात त्याआधीची आवृत्ती असेल तर ती मराठीसाठी निरुपयोगी समजा. लांबलचक पुस्तकासाठी राइटरच्या स्टाइल जास्त बारकाईच्या आहेत. पत्रे, अर्ज, निविदा, शाळेचे अहवाल यांना ओन्लीऑफिस पुरून उरतो.

बाकीचे, थोडक्यात

ॲबीवर्ड १९९८ पासून आहे. हलका आहे आणि जुन्या मशीनवर पटकन उघडतो. अक्षरजुळणी पँगो या लायब्ररीकडून होते, त्यामुळे जोडाक्षरे ठीक दिसतात. डॉकएक्सची गुंतागुंतीची मांडणी मात्र त्याला झेपत नाही. एका पानाचे पत्र, टिपणे, इतकेच काम असेल तर घ्या. कॅलिग्रा वर्ड्स केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींचा. चौकटींत मजकूर ओतण्याची त्याची पद्धत माहितीपत्रकाला बरी, पण देवाणघेवाणीच्या फाइलींसाठी मी तो सुचवणार नाही. डब्ल्यूपीएस ऑफिस आणि फ्रीऑफिसमधला टेक्स्टमेकर हे दोन्ही फुकट मिळतात, सोर्स बंद आहे. वर्डसारखे दिसणारे काही हवे असेल तर लोक ते घेतात. सरकारी किंवा खासगी गोपनीय कागद हाताळणाऱ्यांनी बंद सोर्सचा आणि खात्यात लॉगिन करण्याच्या मागणीचा विचार आधी करावा.

लिक्स: लिहिणे वेगळे, मांडणे वेगळे

युनिक्सचा आणि लेखनाचा संबंध मुळापासूनचा आहे. बेल लॅब्जमध्ये १९७१ च्या सुमारास पेटंट विभागाचे अर्ज टंकून देण्याच्या निमित्ताने युनिक्सला पीडीपी-११ हे यंत्र मिळाले. तेव्हा मजकुरात खुणा घालायच्या आणि रॉफ नावाचा प्रोग्रॅम पाने जुळवून द्यायचा. डोनाल्ड कनुथ यांचे टेक आणि त्यावरचे लाटेक याच वळणाचे. लिक्स हा १९९५ मध्ये सुरू झालेला प्रोग्रॅम त्याला खिडकी आणि मेनू देतो. पडद्यावर तुम्ही "हा मथळा, हे समीकरण, ही तळटीप" एवढेच सांगता, पाने मागून लाटेक जुळवते.

गणित, संदर्भसूची, शेकडो आकृत्या असलेला प्रबंध असेल तर याच्याइतकी नीट पाने राइटर देत नाही. मराठीसाठी डॉक्युमेंट, सेटिंग्ज, फॉन्ट्समध्ये जाऊन टेकबाहेरचे फॉन्ट वापरण्याची टिक करा, म्हणजे काम झीटेक किंवा लुआटेक या युनिकोड समजणाऱ्या टेकच्या रूपांकडे जाते. ती टिक नसेल तर मराठीच्या जागी चुकांचे संदेश येतात. प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या आज्ञांच्या भागात, हाताने फॉन्ट लिहिणाऱ्यांनी त्यासोबत स्क्रिप्ट देवनागरी असल्याचे सांगावे, एरवी जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. लुआटेकला त्याशिवाय हार्फबझ हा अक्षरजुळणी करणारा रेंडरर निवडून देणे बरे. लिक्सची मोठी अडचण अशी की मार्गदर्शकाला किंवा संपादकाला डॉकएक्सच हवी असेल तर रूपांतरात फार मोडतोड होते. त्या माणसाला आधी विचारा, मग लिक्स उघडा.

पाने का सरकतात

वर्डमध्ये १४ पानांचा असलेला लेख लिनक्सवर १६ पानांचा होतो, याचे कारण बहुधा फॉन्ट असते. प्रोग्रॅम बदलून हे सुटत नाही. फाइलमध्ये फॉन्टचे फक्त नाव असते. तो मशीनवर नसेल तर सिस्टिम दुसरा घेते. रोमन अक्षरांसाठी सोय आहे: कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कँब्रियाच्या मापाचा कॅलाडिया, टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ आणि एरियलसाठी लिबरेशन सॅन्स. यांच्या अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी तिथेच तुटतात. विंडोजमधल्या मंगल, निर्मला, कोकिळा यांना असा जुळा फॉन्ट नाही. कोणता फॉन्ट बदली आला ते टर्मिनलमध्ये एफसी-मॅच या आज्ञेला मूळ फॉन्टचे नाव देऊन कळते.

उपाय एकच, दोन्ही बाजूंनी मुक्त परवान्याचा एकच फॉन्ट बसवा. नोटो सॅन्स देवनागरी, ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा यांपैकी कोणताही चालेल. समोरचा बसवणार नसेल तर राइटरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट येथे फॉन्ट दस्तऐवजातच घालण्याची टिक आहे. फाइल जड होते, पण अक्षरे तीच राहतात. ज्या फॉन्टचा परवाना असे घालू देत नाही तो मात्र जात नाही.

नुसते वाचायला किंवा छापायला द्यायचे असेल तर पीडीएफ द्या. पीडीएफ एक्सपोर्ट करताना जनरल टॅबवर हायब्रिड पीडीएफ असा पर्याय दिसतो. तो निवडला की पीडीएफच्या पोटात ओडीटी ठेवली जाते. समोरचा ती नेहमीसारखी वाचतो आणि तुम्ही तीच फाइल राइटरमध्ये उघडून दुरुस्त करू शकता. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरे उलटसुलट होतात, म्हणून मूळ मजकूर सोबत असणे मराठीच्या बाबतीत जास्तच मोलाचे.

टंकलेखन आणि शोध

कळफलकाचे काम वर्ड प्रोसेसर करत नाही, आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे वेगळे प्रोग्रॅम करतात. इन्स्क्रिप्टमध्ये "दुसऱ्या"मधला ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो, नंतर डी दाबून हलंत, मग य. रोमन पद्धतीचे काही कळफलक हेच रूप साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तयार करतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण शोधाला ते दोन वेगळे शब्द आहेत. दोन जणांनी टंकलेल्या पुस्तकात "वाऱ्यावर" शोधले आणि निम्मीच ठिकाणे सापडली तर कारण हेच. राइटरमध्ये अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो आणि पुन्हा दाबले की अक्षर परत येते. न सापडलेल्या जागेतले अक्षर कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा, बदलीच्या चौकटीत प्रमाण रूप लिहा आणि सगळीकडे एकदम बदला. हे काम मुद्रितशोधनाच्या आधी करावे, कारण शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोशही एकच रूप ओळखतो.

त्या तपासणीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. राइटरमध्ये मराठीचा हनस्पेल शब्दकोश एक्स्टेंशन म्हणून बसवता येतो. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांनाही असे एकाच शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागत जातात. ही रूपे नियमांतून तयार करावी लागतात, सगळी साधत नाहीत, आणि बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येते. आपले नेहमीचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालत गेले की रेघा कमी होतात.

जुन्या फाइली

श्री-लिपी किंवा आयएसएम या युनिकोडपूर्व सॉफ्टवेअरच्या काळातली फाइल कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडली तरी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. प्रत्येक फॉन्टकुळाची जुळणी वेगळी, म्हणून रूपांतर करणारे साधन त्याच फॉन्टसाठी बनवलेले लागते. फॉन्टचे नाव राइटरमध्ये मजकुरावर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत दिसते, फॉन्ट मशीनवर नसला तरी. आधी ते टिपून घ्या, मग मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मगच स्टाइल लावा. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि इंग्रजी शब्द एवढे तरी डोळ्यांखालून घाला. इंग्रजी शब्दांनाही साधन देवनागरी समजते आणि त्यांचे भलतेच काही होते.

अशा शंभर फाइली हाताशी असतील आणि सगळ्यांच्या पीडीएफ करायच्या असतील तर लिबरऑफिस खिडकी न उघडता टर्मिनलमधूनही चालते. हेडलेस आणि कन्व्हर्ट-टू हे दोन पर्याय द्यायचे, पुढे पीडीएफ आणि फाइलींची नावे. आज्ञा चालवण्याआधी लिबरऑफिसच्या उघड्या खिडक्या बंद करा. एक जरी उघडी असली तर काही आवृत्त्यांत आज्ञा काही न बोलता संपते आणि फोल्डरात एकही पीडीएफ नसते.